पान्यावरचं कुंकू

मित्रांनो, संजीवाच्या गॅरेजमध्ये आलात की भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेले माझे दोन तुकडे तुम्हांला दिसतात आणि तुम्ही हसून विचारता, या भंगाराला कुंकू कुणी लावलं? सांगते. पण मी काही भंगार म्हणून जन्माला आले नव्हते, एवढं आधी ध्यानात घ्या.

मी एका व्हॅनच्या पुढच्या उजव्या चाकावरची स्प्रिंग. लालबुंद सळईला वेटोळी घालून, तेलात बुडवून मला घडवलं. माझी जुळी बहीण डाव्या चाकावर बसली. खड्डा आला की दोघींनी दबायचं आणि पुन्हा ताठ उभं राहायचं, एवढंच आमचं काम. आमचा मालक देजप्पा येईल त्याला सांगायचा, "माझ्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही." ते ऐकून आम्हांला केवढा अभिमान वाटायचा!

देजप्पा कानडी किनाऱ्यावरच्या मलपे बंदरावरून मासळी न्यायचा. टोपल्यांतलं खारं पाणी ठिबकत आमच्या अंगावर यायचं. खारं पाणी लोखंडाचं काय करतं, हे समुद्रकाठच्या माणसाला का सांगायला हवं? तरी त्यानं कधी वाकून पाहिलं नाही. गाडी पुढून बसायला लागली, तेव्हा त्यानं आमच्या वेटोळ्यांत रबराचे ठोकळे ठोकून घेतले. गाडी उचलली गेली, आमची कुरकुरही थांबली. देजप्पा खूश! त्या रबराआड माझ्या अंगाला चीर पडली. ती कुणाला दिसेना, आणि मला बोलायला तोंड नाही.

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, आदल्या दुपारी बहीण मोडली. संजीवा मेस्त्रीनं दोन नव्या स्प्रिंगा आणल्या. या नेहमी जोडीनं बदलायच्या असतात, असं तो म्हणाला. पण डावी बाजू होईतो दिवस कलला. आमच्याकडे त्या संध्याकाळी हत्यारं धुऊन पुसून देवीपुढं मांडतात आणि दशमीची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. संजीवाच्या घरात हा नेम त्याच्या आज्यापासून कधी मोडला नव्हता. त्यानं पाने मांडले आणि बजावलं, "देजप्पण्णा, उजवी राहिली आहे. दशमीपर्यंत गाडी हलवू नका."

देजप्पाचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. त्याची लेक वनजा घाटावर दिलेली. तिला सातवा लागला होता, आणि तिला माहेरी आणायचा दिवस ठरला होता नवमीचा. "मी गेलो नाही तर तिच्या सासरचे जन्मभर ऐकवतील. आणि पूजेच्या दिवशी दुसरी गाडी कोण देणार?" तो म्हणाला. "एवढी वर्षं चालली, अजून एक दिवस चालेल."

अजून एक दिवस! हे शब्द मी गाडीखालून ऐकले आणि माझं काही खरं नाही, हे मला कळलं.

नवमीला त्यानं गाडी धुतली. उत्साहाच्या भरात मलाही काळा रंग फासला, माझ्या चिरेवरच्या रबरावरूनसुद्धा ब्रश फिरवला. झेंडूचा हार घातला, कोहळा फोडला, चाकांखाली लिंबं चिरडली आणि गाडी घाटाला लागली. डावीकडची नवी स्प्रिंग ताठ आणि उंच, त्यामुळे गाडीचा भार माझ्याकडे कलला. एका वळणावर मी टक् केलं. देजप्पानं गाण्याचा आवाज वाढवला.

मित्रांनो, मला मोडायची भीती नव्हती. भीती होती ती माझ्या टोकाची. मी मोडले असते तर ते टोक सरळ शेजारच्या टायरात घुसलं असतं. उतारावर, दरीच्या कडेला.

परतताना वनजा पुढं बापाशेजारी बसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "अप्पा, ते काय वाजतंय?"

"नवी स्प्रिंग आहे गं. सासरी आली आहे, लाजतेय."

ती हसली. मी मात्र जीव मुठीत धरून उभी होते. घाटमाथा जवळ येत होता आणि चीर पुढं सरकत होती.

माथ्यावर, उतार सुरू होतो तिथं, संजीवा रस्त्यात उभा होता. स्कूटरला दुसरी नवी स्प्रिंग बांधलेली. त्यानं पिशवीतून पाने काढले. त्यांच्यावर कुंकू तसंच होतं, एका पान्याला फुलाची पाकळी चिकटलेली. देजप्पाचा चेहरा उतरला.

"देवीपुढचे उचललेस?"

"डोळे मिटले की तुमची गाडीच दिसत होती, अण्णा," संजीवा म्हणाला. "देवी जाब विचारेल तो मी देईन. वनजा, तू आधी खाली उतर."

त्यानं गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं, मला दाबून बाहेर ओढलं आणि हळूहळू सैल सोडलं. मग रबराचा ठोकळा उपटला. त्याच क्षणी मी त्याच्या हातांत दोन झाले. देजप्पा माझा तुकडा हातात धरून समोरच्या वळणाकडे बघत राहिला. वनजानं पोटावर हात ठेवला होता.

संजीवाच्या पान्याचं कुंकू त्या वेळी माझ्या अंगाला लागलं. ते त्यानं पुसलं नाही. दशमीला पान्यांबरोबर मलाही देवीपुढं ठेवलं.

म्हणून मित्रांनो, गाडीला हार जरूर घाला, पण त्याआधी एकदा वाकून खाली बघा. काही वाजलं तर गाणं मोठं करू नका. आणि माझं ऐकून पटत नसेल, तर मी जिथं मोडले ती जागा जवळून पाहा. सगळी गंजून काळी पडली आहे, फक्त कडेला नखाएवढं लोखंड चकाकतं. त्या दिवशी घाटमाथ्यापर्यंत तेवढ्यावरच तिघं बसून आली होती.