अठ्ठेचाळीस आकडे

—आणि ती उभी रेघ अजून लुकलुकतच होती. आहे, नाही, आहे, नाही. लॅपटॉपच्या निळ्या पडद्यावर एक लांबट रिकामी चौकट, चौकटीच्या डाव्या टोकाला तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी ही रेघ, आणि तिच्यापुढे अठ्ठेचाळीस आकडे मावतील एवढी मोकळी जागा. करुणा तिच्याकडे इतका वेळ बघत बसली होती की नजर भिंतीवर नेली तरी भिंतीवर रेघ लुकलुकायची. भिंतीवरून दारावर. दारातून पलीकडे, वारंगा फाट्यावर खिचडीच्या हॉटेलासमोर उभ्या असलेल्या ट्रकच्या काचेवर... आहे, नाही.

"ताई, होईल ना?" स्टुलावरून राणी म्हणाली.

"होईल."

सकाळपासूनचा हा पाचवा 'होईल'. पहिला, सकाळी फोनवर, म्हणताना तिला खरंच तसं वाटलं होतं.

राणी कुरुंद्याची. तीन वर्षं ती हळदीच्या कंदमाशीमागे होती. बांधावर बसून कंद फोडायचे, आतल्या अळ्या मोजायच्या, वहीत लिहायच्या, वहीतून लॅपटॉपमध्ये. तो प्रबंध आज पाचच्या आत कॉलेजला ऑनलाइन पोचला नाही तर नोंदणी रद्द. मुदत आधीच दोनदा वाढवून घेतली होती. आणि काल अपडेट आलं. पोरीनं होय म्हटलं, लॅपटॉप बंद झाला, चालू झाला, पुन्हा बंद झाला, आणि सकाळी हा निळा पडदा— कुलूप उघडायची अठ्ठेचाळीस आकडी चावी टाका. नुसत्या राणीच्याच नाही. डोंगरकड्याहून फोन, बाळापुरातून फोन, शाळेतून फोन. सगळीकडे तेच अपडेट, तोच निळा रंग.

"दुसरीकडं कुठंच ठेवला नाहीस?"

"पेनड्राइव्हमधी होता की. भावानं त्याच्यात डीजेची गाणी भरली. ट्रॅक्टरला."

दोघी हसल्या. करुणाचं हसू आधी थांबलं.

कारण चावी होती. हे राणीला माहीत नव्हतं.

नवा लॅपटॉप पहिल्यांदा उघडला की तो खातं मागतो, ई-मेल मागतो. गिऱ्हाइकाकडे ते नसायचं. असलंच तर पासवर्ड नांदेडला शिकणाऱ्या पोराकडे, आणि पोरगा फोन उचलायचा नाही. मग दुकानाचंच खातं टाकायचं आणि लॅपटॉपला गिऱ्हाइकाचं नाव द्यायचं. पाच मिनिटांत काम, गिऱ्हाईक खूश. सहा वर्षांत पाऊणशे लॅपटॉप असे या एका खात्यावर निघाले, आणि पाऊणशे कुलपांच्या चाव्या आपोआप तिथे जाऊन पडल्या. दुकानाच्या लॅपटॉपवर ते खातं कायम उघडं असे, त्यामुळे कधी अडलं नाही. आज दुकानाचा लॅपटॉपही निळा. चाव्यांची पेटी, आणि पेटीची चावी पेटीच्या आत.

मोबाइलवरून खातं उघडून बघितलं होतं तिनं, सकाळी नऊलाच. पासवर्ड बरोबर. मग खालची ओळ: खात्री करण्यासाठी सहा आकडी कोड पाठवू. शेवटी ४७ असलेल्या नंबरवर.

सत्तेचाळीस.

तिनं मोबाइल पालथा घातला होता. अजून पालथाच आहे, हरभऱ्याच्या डहाळ्यांच्या पेंडीशेजारी.

पुन्हा पहिल्यापासून.

दुकान नवं होतं. ती आणि जगन, दोघांचं मिळून. त्या दिवशी खातं काढत होते, आणि नंबर मागितला तेव्हा जगननं न विचारता स्वतःचा टाकला. त्याची सवयच ती. दुकानाच्या पाटीवर काय लिहायचं, चहा कुणाकडून आणायचा, सगळं आधी करायचं आणि मग म्हणायचं, "काहून, चुकलं का?" पुढे त्याच्या तांड्यावर त्याच्या लग्नाची बोलणी झाली, तीही त्यानं अशीच... करुणा तेव्हा पाटी पुसत होती. तो म्हणाला, माझ्यानं होऊन न्हाई राहिलं. तिच्या घरी तरी कुठे होणार होतं. आई, जनकाबाई, महिनाभर तिच्याशी बोलायची ती फक्त 'जेव' एवढंच. तर तो नंबर जगननं टाकला. म्हणजे अडकवून गेला तो. हे असं आहे.

डहाळ्या मुंजाजीमामांनी आणलेल्या.

नाही, ते आता नको.

पण ते आलंच. साडेनऊला मुंजाजीमामा आले, उपरण्यात गुंडाळलेला लॅपटॉप काखेत, दुसऱ्या हातात ही पेंडी. पडदा निळा. चावी खात्यात, खातं त्या नंबरात, नंबर... आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "फॉरमॅट मारावं लागंल, मामा."

"आतमधलं ऱ्हाईल का?"

"न्हाई राहणार."

मामांनी रिकामं उपरणं खांद्यावर टाकलं. "गावातल्या विहिरीची यादी होती. कुनी खोदली, किती हात पानी, कोनती कव्हा बुजवली. एका बोटानं लिहून राहिलो होतो, दोन वर्सं." मग हसले. "जाऊ द्या. तुमी म्हन्ता म्हंजी बराबरच असंल."

आणि तिनं बटण दाबलं. चाळीस मिनिटं लागली. त्या चाळीस मिनिटांत कुठल्याही क्षणी तो पालथा मोबाइल उचलता आला असता. मामा स्टुलावर बसून डहाळीचे घाटे सोलत होते, तिला देत होते, ती खात होती. तिनं खाल्ले. हिरवे, गोड. मी खाल्ले.

"ताई, मी आल्यापासून तुमी काहीच खाल्लं न्हाई," राणी घाटा पुढे करत म्हणाली.

"नको."

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजायला आले होते. बाहेर एसटी थांबली. कंडक्टर ओरडला, हिंगोली, हिंगोली. त्या गाडीत बसलं तर तासाभरात जगनच्या दारात... कशाला? बसायचं कशाला? नुसता फोन करायचा. चार वर्षं न केलेला एक फोन. सहा आकडे विचारायचे, ठेवून द्यायचा. पण तिकडून 'हॅलो' येईल, आणि त्या हॅलोनंतरची जी अर्ध्या सेकंदाची जागा असते ना, रिकाम्या चौकटीसारखी, तिच्यात आपण काय टाकणार? मी करुणा? ओळखलं का? आणि त्यानं ओळखलं नाही तर. आणि ओळखलं तर.

पुन्हा पहिल्यापासून.

जगननं न विचारता टाकला, हे तसं पूर्ण खरं नाही. तिचा मोबाइल चार्जिंगला होता. त्या दिवशी वीज नव्हती, मोबाइल शेजारच्या टायरवाल्याकडे लावलेला, कोड बघायला कोण जाणार म्हणून मग त्याचा नंबर. सोय म्हणून. इतकी साधी गोष्ट. चूक कुणाचीच नाही, विजेची.

"एका कंदात किती अळ्या असतात माहितीय का, ताई?" राणी तिच्याच नादात बोलत होती; भीती वाटली की ही पोरगी बोलते, हे करुणाच्या दुपारपर्यंत लक्षात आलं होतं. "वरून कंद चांगला दिसतो. पानं तेवढी पिवळी पडतात. बाबा म्हणत्यात, पाणी कमी पडलं असंल. फोडून बघितल्याशिवाय कळतच न्हाई."

"राणी."

"काय, ताई?"

फॉरमॅट. तो शब्द जिभेवर येऊन बसला होता, सकाळचाच, वापरून गुळगुळीत झालेला. राणी रडेल. मग डोळे पुसेल आणि म्हणेल, तुमी तरी काय करणार. सगळे तसंच म्हणतात. या फाट्यावर तिच्याइतकं कळणारं दुसरं कुणी नाही, त्यामुळे ती जे म्हणेल तेच खरं. आणि ज्याला कुणी खोटं पाडू शकत नाही असं माणूस एका खोलीत एकटंच कोंडलेलं असतं, हे तिला आज कळत होतं— पत्र्याखाली, साडेतीन वाजता, हात मांडीवर ठेवून.

"काय, ताई?"

"पाणी दे जरा."

राणी माठाकडे वळली. तिची पाठ दिसली. वेणीला लावलेलं साधं काळं रबर, मानेवर घाम. तीन वर्षं बांधावर बसलेली पाठ.

पुन्हा. पहिल्यापासून. शेवटचं.

वीज होती. पंखा चालू होता. त्याच्या वाऱ्यानं नव्या लॅपटॉपच्या खोक्यातलं थर्माकोल टेबलावर उडत होतं आणि जगन ते वेचत होता. मोबाइल तिच्या हातातच होता. नंबर टाका, असं आलं, आणि तिनं— करुणानं, मी— त्याच्याकडे न बघता, न विचारता, त्याचा नंबर तोंडपाठ टाकला. दहाही आकडे. मग त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "तुझा टाकायचा की." ती म्हणाली, "असू दे. म्हणजे तुला सोडून जाता यायचं न्हाई." दोघं हसले होते. थर्माकोलचा एक दाणा त्याच्या मिशीला चिकटला होता.

आणि तो गेल्यावर चार वर्षं खातं उघडंच होतं. रोज. नंबर बदलायला दोन मिनिटं लागतात. गिऱ्हाइकांचे ती दिवसाला दोन-तीन बदलते.

तिनं मोबाइल उलटा केला. 'कोड पाठवा'वर बोट ठेवलं. मग फोन लावला. नाव केव्हाच पुसून टाकलं होतं, आकडे मात्र बोटाला आठवले.

वाजला. वाजला. वाजला.

"हॅलो? कोन बोलून राहिलं?"

बाईचा आवाज. मागे मिक्सर फिरत होता, तो थांबला.

चौकट. रेघ.

"मी... वारंग्यावरून. दुकानातून."

"लॅपटॉपच्या?"

"व्हय."

"थांबा. आत्ताच आलाय बगा मेसेज. घ्या लिहून. नऊ, शून्य, चार... चार, एक, सात. पुन्हा म्हनू का?"

"नको. मिळाला."

"तुमी करुणाताई ना वो? मी संगिता. ह्यायनी सांगून ठेवलंय मला, ह्या बारक्या मोबाइलवर वारंग्याचा कोड आला तर लगेच सांगायचा, लोकायचं काम अडतं. चार वर्सं झाली, आज पयल्यांदा आला बगा. मला तर वाटलं, बंदच पडलं तुमचं दुकान." ती मोकळेपणानं हसली. करुणानं त्या हसण्यात टोचणारं काही आहे का ते चाचपून पाहिलं. काही लागलं नाही. "ते मार्केट यार्डात गेलेत. हळद लई येऊन राहिली सध्या. सांगू का काही?"

"नको. काही नाही."

"बरं. आन् ताई, तुमच्याकडून नंबर बदलत असंल तर बदलून घ्या ना. बॅटरी फुगलीय ह्याची. लेकराच्या हाती लागू न्हाई म्हनून पिठाच्या डब्यावर ठेवतो. रोज संध्याकाळी ध्यान करून चार्जिंगला लावा लागते. तकलीफ काई न्हाई, पर एखाद दिवशी मी इसरले तर लोकायचं नुसकान."

"हो. बदलते."

"ठेवू मंग? चटणी वाटून राहिले."

फोन ठेवला गेला. पिठाच्या डब्यावर. चार वर्षं ज्याच्याकडे बघायलासुद्धा ती घाबरत होती, तो नंबर तिकडे एका घरात पिठाच्या डब्यावर होता; दिवेलागणीला एक बाई त्याला चार्जिंगला लावत होती, कुकर लावावा तशी.

कोड लागला. खातं उघडलं. नावांची यादी खाली खाली सरकू लागली— कुरुंदा शाळा, ग्यानबा डोंगरकडा, राणी कुरुंदा.

"लिही," ती म्हणाली, आणि आकडे सांगू लागली, सहा-सहाचे आठ घास. राणी टाकत गेली. एकदा चुकली, पुसून पुन्हा टाकले. लुकलुकणारी रेघ आकड्यांमागून सरकत चौकटीच्या उजव्या टोकाला पोचली, आणि निळा रंग गेला. हळदीच्या शेताचा फोटो आला. राणी स्टुलावरून उठली, पुन्हा बसली, "ताई," म्हणाली, आणि मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडू लागली. चार वाजून दहा मिनिटं. आता तिला या दुकानात कुणी दिसत नव्हतं.

करुणानं यादी आणखी खाली सरकवली. तिला ठाऊक होतं तिथे काय असेल, तरी बोट थांबलं नाही.

मुंजाजी वारंगा.

त्याच्यापुढे अठ्ठेचाळीस आकडे, एकही कमी नाही. तिनं काउंटरवरचा कागद ओढला आणि ते एकेक करून लिहून काढले, हळू, मामा एका बोटानं लिहायचे तसे, आता कशालाच न लागणारे. लिहून झाल्यावर खाली मामांचा फोन नंबर लिहिला. कागदाची घडी केली नाही. फोनही उचलला नाही. काय सांगायचं ते तिला माहीत होतं. 'बराबरच असंल' म्हणणाऱ्या माणसाला ते कसं सांगतात, तेवढं माहीत नव्हतं.

मोबाइलवर तोवर दुसरंच काही येऊन थांबलं होतं. खातं सुरक्षित ठेवण्यासाठी एक प्रश्न. शेवटी ४७ असलेला हा नंबर अजून तुमचाच आहे का? खाली दोन बटणं. होय. नाही.

दोन मिनिटांचं काम.

बदलला, तर आज दिवेलागणीला हिंगोलीतल्या त्या घरात कुणी काही ध्यानात ठेवणार नाही. जुना मोबाइल हळूहळू संपेल, मग एखाद्या खोक्यात जाईल, आणि लेकराच्या हाती लागला तरी चालेल. नाही बदलला, तर एक बाई, जिचा काही संबंध नाही, हात पुसत येईल आणि फुगलेली बॅटरी भिंतीला लावेल. चार वर्षं मी त्या घरात रोज येऊन जात होते, आणि तिथे कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं...

"चढून राहिलंय, ताई," राणी म्हणाली. "साठ टक्के."

"हं."

बाहेर नांदेडकडे जाणारी एसटी आली, थांबली, गेली. करुणाचा अंगठा दोन बटणांच्या मधे, पडद्याच्या अगदी वर, तरंगत होता. हात न लावता थोडा वेळ गेला की मोबाइल मंद व्हायचा, प्रश्न अंधुक व्हायचा. आणि पूर्ण विझायच्या आत ती अंगठा रिकाम्या जागेवर टेकवून त्याला पुन्हा जागं करायची. मंद व्हायचा. जागा करायची. कितव्यांदा कोण जाणे असं केल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण काय करत आहोत, आणि हेच रोज संध्याकाळी तिकडे कोण करतं. अंगठा तसाच राहिला. पडदा मंद होऊ लागला.