ढाण्याला आणायला

"चार फुटी कुंपण चालणार नाही. सहा फुटी हवं," शशिकांतराव फोनवर इंग्रजीत ठासून सांगत होते. "कारण हे कुत्रं झाडावर चढतं. हो, झाडावरच. मी थट्टा करत नाही."

शैलजाबाई भेंडी चिरता चिरता ऐकत होत्या. पलीकडच्या माणसाला आता घरात कोण कोण असतं, दिवसभर कुत्र्याजवळ कोण राहणार, आधीचं कुत्रं कशाने गेलं हे सगळं विचारलं जाणार, हे त्यांना पाठ होतं. दहाजण पिल्लू मागायचे तेव्हा एकाला मिळायचं.

शशिकांतराव परचुरे औषधाच्या कंपनीतून निवृत्त झाल्याला बरीच वर्षं झाली होती. कॅरी गावाच्या बाहेर, पाइनच्या झाडीला लागून त्यांचं घर होतं आणि घरात जपानी शिकारी कुत्रे होते. काई जातीचे. डोंगरात रानडुकराच्या मागे धावणारे, अंगावर वाघासारखे पट्टे असलेले. पिल्लं जन्मतात काळीभोर, पट्टे मागाहून हळूहळू उमटतात. नोकरीत असताना एका जपानी सहकाऱ्याकडे जेवायला गेले, तेव्हा त्यांनी असा कुत्रा पहिल्यांदा पाहिला. तो सबंध संध्याकाळ जवळ फिरकला नाही. निघताना मात्र आला, त्यांचा बूट एकदा हुंगला आणि निघून गेला. तेवढ्यावर हे गृहस्थ खूश. शैलजाबाई म्हणायच्या, "लग्नाआधी मीही यांच्याकडे एकदाच बघितलं होतं, तेव्हा नाही एवढे खूश झाले."

पहिला फोन ठेवतात तोच दुसरा आला. या वेळी शशिकांतराव बोलले कमी आणि ऐकलं जास्त. शेवटी म्हणाले, "ठीक आहे मार्क. मी येतो."

"कोण मार्क?" शैलजाबाईंनी विचारलं.

"नेपरव्हिलचा. ढाण्या त्याच्याकडे आहे ना. जुळी झालीत त्यांना. कुत्र्याकडे बघायला कुणी नाही. परत घ्या म्हणतोय."

"आणि तुम्ही लगेच हो म्हणालात? काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाहीत?"

"विचारायचं नसतं. पिल्लू देतानाच सांगितलेलं असतं मी. काहीही होवो, कितीही वर्षांनी होवो, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, शेल्टरमध्ये टाकायचं नाही. मला फोन करायचा. मी येऊन घेऊन जाईन. का म्हणून विचारणार नाही."

"विमानाने पाठव म्हणावं त्याला."

"या थंडीत? पेटीत बंद करून? तो आधीच घाबरलेला असणार."

शैलजाबाईंनी सुरी खाली ठेवली. "मग नेत्राकडे उतरा. फोनवर काही खरं बोलत नाही ती हल्ली. जेव्हा बघावं तेव्हा गाडीत असते."

नेत्रा त्यांची एकुलती एक मुलगी. नवरा सुशांत आणि सात वर्षांच्या सलोनीबरोबर तीही नेपरव्हिललाच राहत होती. आणि याच ढाण्यावरून बापलेकीचं एकदा बिनसलं होतं. तीन वर्षांपूर्वी ढाण्याच्या वेतातलं एक पिल्लू नेत्राने मागितलं होतं. शशिकांतरावांनी साफ नाही म्हटलं. तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, कुत्र्याने काय भिंतींशी बोलायचं? आणि महिन्याभरात तिच्याच गावातल्या अनोळखी मार्कला ढाण्या दिला. नेत्रा भांडली नाही, पण त्यानंतर तिने कुत्र्यांची चौकशी म्हणून कधी केली नाही.

शैलजाबाईंना बरोबर येणं शक्य नव्हतं. ढाण्याची आई सावळी पुन्हा गाभण होती, दिवस भरत आले होते. त्यांनी दशम्या बांधून दिल्या, गुडघ्याचं तेल दिलं, सुशांतसाठी विणलेला स्वेटर दिला आणि शशिकांतराव एकटेच निघाले. वाटेत ओहायोत एका मोटेलमध्ये मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी ते मार्कच्या दारात उभे राहिले.

मार्क धिप्पाड माणूस होता. दार उघडलं तेव्हा त्याच्या खांद्यावर एक बाळ होतं, दुसरं आत रडत होतं. ढाण्या जिन्याखाली बसला होता. पट्टे छान उमटले होते, तांबूस, थेट पोटापर्यंत. पण बरगड्या दिसत होत्या. शशिकांतरावांनी त्याला हाक मारली नाही. मार्कनेच त्याला गाडीपर्यंत नेलं, मागच्या सीटवर आपलं जुनं जाकीट अंथरलं आणि दार लावून घेतलं. मग रस्त्याच्या कडेला उभा राहून तो बाळाच्या टोपीत तोंड खुपसून रडला.

"तू वेळेवर फोन केलास," शशिकांतराव म्हणाले. "पुष्कळ लोक करत नाहीत."

संध्याकाळी नेत्राच्या घरी पोचले तेव्हा तिने दारातच वाकून नमस्कार केला. चेहरा उतरलेला होता.

"सुशांत कुठाय?"

"टूरवर गेलाय, बाबा. तुम्ही आधी हात-पाय धुवा. खिचडी टाकलीय."

सलोनी मात्र ढाण्यापासून हलायला तयार नव्हती. त्याला कसं वाटतंय, तो कुठे झोपणार, शंभर प्रश्न. शशिकांतराव म्हणाले, "झोपेल इथेच, सोफ्याजवळ. तुझे डॅडी आल्यावर भुंकला नाही म्हणजे झालं!"

"डॅड वोन्ट कम, आजोबा," सलोनी सहज म्हणाली. "ही लिव्ह्ज इन द सिटी नाऊ. ही हॅज अॅन अपार्टमेंट."

नेत्राच्या हातातला डाव पातेल्यावर तसाच राहिला. शशिकांतरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग सलोनीकडे पाहिलं आणि म्हणाले, "अस्सं. मग ढाण्याला भुंकायचं काही कामच नाही."

जेवणं झाली. सलोनी खोलीत गेली. ढाण्या सोफ्याच्या मागे भिंतीला अंग चिकटवून बसला होता. समोर ठेवलेलं खाणं त्याने हुंगलंसुद्धा नव्हतं. शशिकांतराव गुडघ्यावर हात टेकत खाली बसले, त्याच्याकडे पाठ करून.

"हे काय?" नेत्राने विचारलं.

"याच्याकडे बघायचं नाही. बोलवायचं नाही. नुसतं जवळ बसून राहायचं. त्याला वाटलं तर तो येईल."

नेत्राही येऊन बसली, वडिलांच्या शेजारी, पाठ तशीच कुत्र्याकडे. समोर फायरप्लेस होती, ती पेटवलेली नव्हती. दोघंही तिच्याकडेच बघत राहिले.

"कधीपासून?" शशिकांतरावांनी विचारलं.

"दिवाळीपासून. पण तसं बघितलं तर आधीपासूनच. भांडण वगैरे काही नाही, बाबा. त्याने मारलं नाही, काही नाही. बोलणंच संपलं. एका घरात दोन रूममेट राहतात ना, तसं चाललं होतं."

"मग मला का नाही सांगितलंस? का एवढं लपवून ठेवलंस?"

नेत्रा हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "मार्कला विचारलंत तुम्ही, का म्हणून? त्याला नाही विचारत. मला पहिलं तेच विचारलंत."

शशिकांतरावांनी मागे न बघताच पाण्याचं भांडं ढाण्याकडे सरकवलं.

"आणि खरं सांगू? राग येऊ देऊ नका. एक पिल्लू द्यायचं तर तुम्ही लोकांना तासतासभर फोनवर धरता. कुंपण किती, वेळ किती, रागावता का, हात उचलता का. सुशांतचं स्थळ आलं तेव्हा तुम्ही दोनच गोष्टी विचारल्या होत्या. शिकलाय काय आणि व्हिसा कुठला."

शशिकांतरावांना ती संध्याकाळ लख्ख आठवली. सुशांत हसरा होता, त्याने दोनदा साबुदाण्याची खिचडी मागून घेतली होती, आणि त्या मोठ्या वाटीभर खिचडीवर आपण मुलगी देऊन टाकली होती.

"मीही हो म्हटलं होतं, बाबा," नेत्राच हळू म्हणाली. "तुमचा दोष नाही काढत. मला विचारायला हवं होतं, तेही मी विचारलं नाही. मलाही तो आवडलाच होता की."

"चल माझ्याबरोबर," ते एकदम म्हणाले. "गाडीत जागा आहे. सलोनीला तिकडे शाळा आहेत. तुझ्या कामाच्या कंपन्या आहेत. उद्या निघू."

"नाही, बाबा."

"का?" म्हणाले आणि जीभ चावली. "बरं. राहिलं."

नेत्राला आता खरंच हसू आलं. "माझं काम इथे आहे. घर इथे आहे. सलोनीचा बाबा ट्रेनने तासाभरावर आहे, दर शनिवारी येतो तो तिच्यासाठी. मला कुणी घेऊन जायला नकोय. तुम्ही आलात, बसलात, तेवढं पुष्कळ आहे."

मागे नखांचा टकटक आवाज झाला. दोघांनीही मान वळवली नाही. ढाण्या सोफ्यामागून आला, भांड्यातलं पाणी लपलप प्यायला आणि दोघांपासून हातभर लांब, पाय पोटाशी घेऊन बसला. नेत्राने वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकलं. कितीतरी वर्षांनी टेकलं असेल.

दुसऱ्या दिवशी शशिकांतराव निघाले नाहीत. रात्री बर्फ पडलं म्हणाले. बर्फ काही फारसं पडलं नव्हतं. त्यांनी फावड्याने वाट साफ केली, गळका नळ दुरुस्त केला, सलोनीला शाळेत सोडलं. ढाण्या अजून काही खात नव्हता. दुपारी त्यांनी चिकन उकडून त्याचे बारीक तुकडे केले आणि मागच्या अंगणात बर्फाखाली दडवून ठेवले.

"ही वोन्ट फाइंड देम!" सलोनी शाळेतून आल्या आल्या काळजीने म्हणाली.

"बघ तर खरं. याला ताटात वाढलेलं नकोय. शोधायला दे."

ढाण्या लांब दोरीवर बाहेर आला. आधी नुसता उभा राहिला, कान मागे घेऊन. मग नाक खाली गेलं. एकदम त्याचं अंग बदललं, शेपूट वर वळलं, पाय हलके पडायला लागले. त्याने पंजाने बर्फ उकरलं आणि पहिला तुकडा खाल्ला. मग दुसरा. कुंपणाशी दडवलेला तिसरा त्याने थेट जाऊन काढला, तेव्हा सलोनी उड्या मारत ओरडली, "मम्मा! ही इज ईटिंग! ही इज हंटिंग!"

नेत्रा कामाच्या मीटिंगमधून उठून, कानातले इअरफोन तसेच ठेवून, खिडकीत आली होती.

चारपाच दिवस असेच गेले. ढाण्या सलोनीच्या मोज्यांवर डोकं ठेवून झोपायला लागला. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने शेवटी विचारलंच, "कॅन ही स्टे?"

शशिकांतरावांनी अंगणाकडे पाहिलं. कुंपण चार फुटी होतं. पण ते काही बोलायच्या आत नेत्राच म्हणाली, "नाही, सलोनी. मम्मा दिवसभर कामात असते. त्याला वेळ देता येणार नाही आपल्याला."

आपलंच बोलणं लेकीच्या तोंडून ऐकताना शशिकांतरावांना जराही बरं वाटलं नाही. ते म्हणाले, "उन्हाळ्यात हिला पाठव माझ्याकडे. सुट्टीभर. मी येऊन घेऊन जाईन." जरा थांबून म्हणाले, "तूही ये. रजा मिळाली तर. नाही मिळाली तरी ये."

त्या रात्री नेत्राने आईला फोन लावला. गाडीतून नाही, स्वयंपाकघरातून, दिवे लावून, व्हिडिओवर. शशिकांतराव सलोनीला घेऊन वरच्या मजल्यावर गेले आणि दार लोटून घेतलं. खालून बराच वेळ बोलण्याचा आवाज येत होता. एकदा रडण्याचा आला. मग शैलजाबाईंचा खणखणीत आवाज आला, "तो स्वेटर उसवून टाक आणि सलोनीला विणून घे. लोकर चांगली आहे."

शशिकांतराव घरी पोचले ते निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी. ढाण्या गाडीतून उतरला, पाइनखालची ओली माती हुंगत राहिला. सावळी पोट सावरत पायरीवर आली. आईला मुलगा ओळखू आला असं काही झालं नाही. तिने त्याला हुंगलं, एकदा गुरगुरली आणि मग बाजूला होऊन आत जायला वाट दिली.

"शैलजा?" शशिकांतरावांनी हाक मारली. ओ आली नाही. आतून काहीतरी घासत ओढल्याचा आवाज येत होता.

जिन्यालगतची खोली नेत्राची. ती लग्न करून गेली तशी हळूहळू कुत्र्यांची झाली होती. आधी खाण्याच्या गोण्या आल्या, मग पिंजरे, मग पिल्लांच्या जन्मासाठी शशिकांतरावांनी स्वतः केलेली मोठी लाकडी पेटी. आता त्या पेटीचं एक टोक दारात अडकलं होतं आणि दुसऱ्या टोकाला, पदर खोचून, घामाघूम झालेल्या शैलजाबाई होत्या. मागे खोली जवळजवळ रिकामी झाली होती. खिडकी उघडी होती. पलंगाला नवीन चादर घातलेली होती.

"अगं, सावळी आज-उद्या विणार आहे."

"डायनिंग रूममध्ये वीत बसेल. तिथे पाहुणे कोण येतात?"

"पण नेत्रा येणार नाही म्हणाली. सांगितलं ना तिने तुला?"

"सांगितलं," शैलजाबाई म्हणाल्या. "तुम्ही ते टोक धरा."

शशिकांतरावांनी कोट काढून जिन्याच्या कठड्यावर टाकला, वाकून पेटीचं टोक धरलं, आणि दोघं ती जरा तिरकी करून दारातून बाहेर काढू लागले.