एका वाडीचं एक पत्र

मृणालीचे बाबा दीपक ज्या मालवाहू जहाजावर होते, ते परक्या देशाच्या नौदलाने अडवून ठेवल्याला एकोणीस दिवस झाले होते. मालगुंडच्या पलीकडच्या त्यांच्या वाडीतले तिघे त्या जहाजावर. रत्नागिरीहून कलेक्टर ऑफिसचा निरोप होता, की सोमवारी दिल्लीत बैठक आहे, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीचं मिळून एक पत्र द्या.

एक पत्र! तिथेच तर गाडी अडली होती. बाबांचे धाकटे भाऊ विनोदकाका यांनी आपल्या पक्षाच्या कागदावर लिहून आणलं होतं, युद्धनौका पाठवा आणि एकदाची अद्दल घडवा. काशीराम आप्पा विरोधी पक्षाचे. त्यांच्या कागदावर वाटाघाटी, मध्यस्थी आणि शेवटी सरकारला चार टोमणे. शुक्रवार उजाडल्यापासून देवळात दोघांची जुंपली होती. अर्धी वाडी याच्या मागे, अर्धी त्याच्या.

"तुमचे लोक बोलणी करत बसले, म्हणून त्यांची हिंमत झाली," काका म्हणाले.

"आणि तू तोफ डागलीस की पहिला मरेल तुझाच सख्खा भाऊ," आप्पा म्हणाले. "टीव्ही बघून लढतोस मेल्या."

मृणालीची आई सगुणा खांबाला टेकून बसली होती. सकाळपासून पाण्याचा घोटही नाही. ते बघून दहावीतल्या मृणालीचं टाळकं सणकलं. गेल्याच महिन्यात ती शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती आणि तेव्हापासून आपला आवाज तिला भलताच आवडू लागला होता. ती उठली आणि थेट गाभाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

वाडीत कुठलंही काम असो, आधी देवाला गाऱ्हाणं. एकाने मागायचं, बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. आजवर कुठल्या मुलीने ते घातलं नव्हतं. पण घालू नये, असंही कुणी सांगितलं नव्हतं.

"बा देवा महाराजा, तुझी तीन लेकरं परक्या बंदरात अडकलीत!"

"व्हय महाराजा!" तोंडं आपोआप उघडली.

"बोलणी करून त्यांना आधी सोडवून आणावं!"

"व्हय महाराजा!"

"बोलताना देशाची मान कुठे खाली जाऊ नये!"

"व्हय महाराजा!" यात आप्पाही होते.

"आणि ती घरी पोचेपर्यंत कुणी तोफांची भाषा करू नये!"

"व्हय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज विनोदकाकांचा. पाठोपाठ त्यांनी जीभ चावली, पण आता देवासमोरचा शब्द फिरवणार कोण?

"काय गो बाय," काका कपाळाला हात लावत म्हणाले, "गुंडाळलंस की आम्हाला."

आप्पा पोट धरून हसले. मृणालीने तेच चार शब्द वहीच्या कोऱ्या कागदावर उतरवले. काकांनी सही केली, त्याच पेनाने आप्पांनी केली, मग वाडीची रांगच लागली. आईने सही केली आणि तांब्याभर पाणी गटागट प्यायलं.

तीनच्या एसटीने मायलेकी रत्नागिरीला पोचल्या. ऑफिसातल्या साहेबांनी पत्र वरखाली करून बघितलं.

"कुठल्या पक्षाचं आहे हे?"

"आमच्या वाडीचं आहे," मृणाली म्हणाली, इतक्या ठणठणीत आवाजात, की शेजारच्या टेबलावरचे दोघे मान वर करून बघायला लागले. साहेबांनी शिक्का उचलला.