टाकीतले जीव

साहेबांनी चुन्याची गोणी टाकीपाशी आणून टाकायला लावली आणि मावशीला संध्याकाळपर्यंत काम उरकायला सांगितलं. मावशी जागची हलली नाही.

टाकीत जिवाणू होते. जुन्या बॅटऱ्यांची काळी भुकटी त्यांच्या आंबट पाण्यात मिसळली, की ते तिच्यातला कोबाल्ट आणि निकेल हळूहळू सुटे करत. भट्टी नको, धूर नको. पण आठवडा झाला, तांबूस दिसणारं पाणी फिकट हिरवं पडलं होतं. जिवाणू मेले, असं साहेबांनी ठरवून टाकलं. चुना ओतून पाण्यातला आंबटपणा मारायचा, टाकी निकालात काढायची आणि तिथे भट्टी बसवायची.

मावशी या कारखान्यात आली ती फरशी पुसायला. प्रयोगशाळेतल्या बाईंनी तिला टाकी सांभाळायला शिकवलं आणि नोकरी सोडून जाताना सगळं तिच्याच हवाली केलं. त्यानंतर चौदा महिने चमच्या-चमच्याने भुकटी वाढवत तिने त्या जिवांना विषाची सवय लावली होती. ती दोन दिवस रजेवर गेली, तेवढ्यात साहेबांनी घाईने अख्खी बादली ओतली. हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

"मेले नाहीत ते," मावशी म्हणाली. "तुम्ही एकदम जास्त घातलंत, म्हणून गळपटलेत."

हे कोण सांगतंय, फरशी पुसणारी का, असं साहेबांनी विचारलं.

"हो, तीच. नोकरीवरून काढा हवं तर. चुना माझ्या हातून पडायचा नाही."

साहेबांनी इतर कामगारांकडे पाहिलं. गोणीला हात लावायला कुणी पुढे होईना. शेवटी, शुक्रवारपर्यंत थांबतो, म्हणून ते निघून गेले.

भट्टी म्हणजे काय, हे मावशीला सांगायला नको होतं. तिची थोरली बहीण बावीस वर्षं बॅटऱ्या वितळवायच्या भट्टीवर होती. मालक म्हणेल त्याला मान डोलवत राहिली, आणि आता दर चार पायऱ्यांवर दम खायला बसते.

मावशीने भुकटी खाली बसू दिली, वरचं निम्मं पाणी काढलं, ताजं भरलं, त्यात जिवाणूंचं खाद्य घातलं. टाकीला जुन्या गोधड्या गुंडाळल्या. हवेचा पंप क्षणभर थांबला तरी ती धावायची. गुरुवारपर्यंत काहीच झालं नाही. तिच्याही मनात पाल चुकचुकली.

शुक्रवारी सकाळी पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं. तपासनिसाने नमुना दोनदा तपासला आणि कोबाल्ट सुटायला लागल्याचं लिहून दिलं. भट्टी बारगळली.

शिस्तभंगाचं पत्र मात्र मावशीला मिळालंच. तिने ते पूर्ण वाचलं, सही केली आणि स्वतःसाठी एक प्रत मागून घेतली.

घरी तिने ते बहिणीला वाचून दाखवलं. "वरिष्ठांनी आदेश देऊनही सदर कर्मचारी महिलेने स्पष्ट नकार दिला."

बहीण उशीला टेकून ऐकत होती.

"तेवढंच परत वाच," ती म्हणाली. "सावकाश."