कप्तानाची खुर्ची

आमची भिंगरी, म्हणजे माझी नात, खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवते. हात सोन्याचा, पण गिऱ्हाईक औषधालाही नाही. सूनबाईंनी तर बजावलंच होतं, या महिन्यात एक तरी खरं काम आलं नाही, तर पुढची खोली भाडेकरूला द्यायची आणि पोरीने गपगुमान नोकरी धरायची.

भिंगरी म्हणाली, "आजी, मोबाइलवर दुकान गजबजलेलं दिसलं तरच लोक येतात गं."

मग काय, संक्रांत आली माझ्या आरामखुर्चीवर! दर आठवड्याला ती उसवायची, नवं कापड चढवायचं, पांढऱ्या भिंतीपाशी फोटो काढून मोबाइलवर टाकायचा. कधी हिरवी, कधी जांभळी. मी आपली स्टुलावर. फोटोखालचा मजकूर मात्र माझा हं! निळ्या मखमलीखाली मी लिहिलं, ही खुर्ची एका कप्तानाची. वादळात जहाज बुडालं, पण साहेब खुर्चीत बसल्या बसल्या तरंगत किनाऱ्याला लागले, हातातला चहाचा कप तस्सा!

"आजी, कोण विश्वास ठेवणार?"

"बरं, थोडा चहा सांडला असं लिही."

आणि एके दिवशी एक बाई दारात. चांगल्या खात्यापित्या घरच्या. म्हणाल्या, "जेवणाच्या टेबलाच्या सगळ्या खुर्च्या करायच्यात. तुमचं नाव कप्तानसाहेबांनी सुचवलं."

"कोणत्या?" मी विचारलं.

"अहो, निळ्या खुर्चीवाले! माझ्या ताईशी लग्न ठरतंय त्यांचं. खाली गाडीत बसलेत, थांबा, बोलावते."

माणूस मी रचलेला, आणि तो गाडीत?

आला की हो! पांढऱ्या मिशा, छाती पुढे. खुर्ची त्या दिवशी पिवळी होती. खुशाल तीत बसला. "वा! माझीच. कापड तेवढं बदललेलं दिसतंय."

बाईंनी भिंगरीला विचारलं, "यांचीच ना?"

मी पोरीला चिमटा काढला. गप्प बस म्हणून. एवढं मोठं काम दारात आलेलं! पण ती म्हणाली, "नाही. आजीची आहे. कप्तान वगैरे कोणी नाही, आम्ही रचलं. गिऱ्हाइकंच नव्हती हो."

बाई तिच्याकडे बघतात, त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे. मी छताकडे.

"आणि ती निळी मखमल? हिरवी?"

"ते सगळं मीच केलं."

बाईंनी त्याला उठवलं, खुर्ची आडवी केली, खालची शिवण बोटाने चाचपली. "काम तर खरं आहे," म्हणाल्या. "खुर्च्या उद्या पाठवते." मग त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही चालत या. ताईला काय सांगायचं ते वाटेत ठरवा."

गेल्या तरातरा. भिंगरी हसतेय की रडतेय कळेना.

तो मात्र तिथेच. खुर्ची सरळ केली आणि पुन्हा बसला! हाकलावं की पाणी द्यावं?

"आजी," तो हळूच म्हणाला, "किनाऱ्याला लागल्यावर माझं पुढे काय झालं?"

भिंगरी डोळे वटारून बघत होती. आणि मी, काय झालं मला कोण जाणे, स्टूल पुढे ओढून सांगायला लागले.