खारूचा दात

मित्रांनो, मी एक जुनं पदक आहे. पण धावण्याच्या शर्यतीत गळ्यात घालतात तसलं नव्हे हं. मला रिबीन नाही, पाठीवर पहिला-दुसरा क्रमांक नाही. मी शिशाचं आहे. शिसं म्हणजे धातूंच्या घरातला गरीब नातेवाईक. रंगाने काळपट, अंगाने जड आणि इतकं मऊ की नखानेसुद्धा ओरखडा उठतो. माझ्यावर एका मुलीचा चेहरा होता. कसा होता आणि कुठे गेला, तेच सांगायला बसलोय.

उंच खिडकीच्या एका अरुंद खोलीत माझा जन्म झाला. तिथे मेणाचा आणि तापल्या धातूचा वास कायम कोंदलेला असे. मुलीचे वडील पदककार होते. मोठमोठ्या माणसांचे चेहरे ते आधी मेणात घडवत, मग त्यावरून साचा करत. ब्राँझ ओतण्याआधी साचा नीट उतरलाय का, हे बघायला शिशाचं एक पदक ओतून बघायचं, ही त्यांची रीत. काम झालं की ते शिसं वितळायला पुन्हा मुशीत. म्हणजे मी मुळात कच्चा खर्डाच. फार जगायची माझी लायकीच नव्हती म्हणा ना.

मुलीचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण पेन्सिली कुरतडायची म्हणून घरात तिला खारू म्हणत. वडील तिचा चेहरा मेणात घडवत होते, पण समोर गप्प बसायचं म्हणजे तिला शिक्षा वाटे.

"बाबा, झालं?"

"नाही."

"आता झालं?"

"अगं, आधी तोंड मीट. दात पडलाय तो काय सगळ्या जगाला दाखवायचाय?"

"हो!" म्हणून ती आणखीच हसली.

तिचा पुढचा वरचा दात नुकताच पडला होता. आई दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "राहू द्या ना तसंच. नवा दात आला की परत अशी थोडीच दिसणार आहे?" मग वडिलांनी कोरणीच्या टोकाने ओठांमध्ये एक बारीक खिंड ठेवली. पदकावर असलं काही करत नाहीत. पदकावरची माणसं तोंड मिटून, आठ्या घालून बसलेली असतात. मी एकटाच फटीतून हसणारा.

नवा दात काही आला नाही. मी साच्यातून निघालो आणि त्याच आठवड्यात खारूला ताप भरला. औषधं झाली, डॉक्टर झाले, देवाला हात जोडून झाले. पोरगी गेली. वडिलांनी साचा हातोडीने फोडला. ब्राँझ कधी ओतलंच नाही. मलाही ते वितळवायला निघाले होते, पण आईने मला मुठीत धरलं आणि मूठ उघडलीच नाही. घरात खारूचा एकही फोटो नव्हता. बाबा आहेत ना चेहरे करायला, फोटो कशाला काढायचा, असं म्हणत राहून गेलं होतं.

पुढची सगळी वर्षं मी आईच्या हातात काढली. वडील गेले, खोली गेली, आईची नजर अधू झाली, पण मी होतो तिथेच. ती अंगठा माझ्यावरून फिरवायची. कपाळ, गाल, मग ओठ, आणि शेवटी अंगठ्याचं नख हळूच त्या खिंडीत टेकवायची. तिथे नख बसलं की तिचा जीव निवायचा. त्या अंगठ्याने माझं नाक झिजलं, भुवया गेल्या, हे खरंय. पण खोलगट भाग तसाच राहिला. मला तक्रार नव्हती. तिच्या हाताचं तेल अंगात मुरलं होतं आणि मी छान गुळगुळीत, काळाभोर झालो होतो.

आता दुसऱ्या एका डॉक्टरकडे येतो. हा दातांचा डॉक्टर. हाताला गुण, बोलणं मधाळ आणि डोक्यात एकच खूळ, पदकं! खारूच्या वडिलांची सगळी पदकं त्याने मिळवली होती. राहिलो होतो तेवढा मी. त्यांच्या एका जुन्या वहीत 'लेकीचं शिशाचं पदक' अशी माझी नोंद त्याने वाचली होती आणि तेव्हापासून माझ्यासाठी त्याने जंग जंग पछाडलं होतं. त्याची बायको म्हणायची, "एवढं माझ्यासाठी कधी हिंडला नाहीत."

आणि मी गेलो कुठे, तर आपल्या पायाने त्याच्याच दवाखान्यात! आई भाचीकडे राहायची. भाची तिला दात काढायला घेऊन गेली. आईने एका हाताने खुर्ची धरली होती आणि दुसऱ्या हाताने मला. दात निघाला, मूठ सैल झाली आणि मी धप्पकन डॉक्टरच्या बुटांपाशी पडलो. त्याने मला उचललं. खुर्चीतल्या पेशंटला विसरून त्याने मला दिव्याखाली धरलं.

"आजी, हे तुमच्याकडे कुठून आलं?"

"माझी लेक आहे ती," आई तोंडातल्या कापसातून म्हणाली. "द्या इकडे."

त्या दिवसापासून डॉक्टरने त्या घराचे उंबरठे झिजवले. आईला कवळी करून दिली, ती टोचते का ते बघायला पुन्हा पुन्हा आला. पदक मागून बघितलं, विनवून बघितलं. आई काय विरघळणार?

"डॉक्टर, तुम्ही दात बघायला येता की आणखी काही?"

"तुम्हाला बघायला येतो, आजी."

"मग बघा आणि जा."

सरळ मागून मिळत नाही म्हटल्यावर त्याने भाचीला गाठलं. म्हणाला, "शिसं विषारी असतं, ताई. त्यांचा अंगठा बघा, कसा काळा पडलाय. मी स्वच्छ करून वर एक पातळ थर देऊन आणतो. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे." भाची घाबरली. शिसं विषारी असतं हे खरंच होतं, मित्रांनो. खऱ्यात गुंडाळलेलं खोटं फार लवकर गळी उतरतं. भाचीने मावशीची मनधरणी केली. शेवटी आईने मला डॉक्टरच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "जपून हं. तिला अंधाराची भीती वाटते."

दवाखान्यात डॉक्टरने मला त्या गुलाबी लगद्यात दाबलं. कवळीसाठी माणसांच्या जबड्याचं माप घेतात ना, तसंच. त्या मापात मेण ओतलं. मेणात माझा चेहरा उतरला, ओठांतल्या खड्ड्यासकट. आणि तिथे एक गोष्ट घडली. डॉक्टर आपल्याच तंद्रीत शीळ घालत होता. त्याचा हात जन्मभर खड्डे बुजवणारा. त्या हाताने सुईवर गरम मेणाचा थेंब घेतला, खड्ड्यात सोडला, त्याला दाताचा घाट दिला आणि वरून गुळगुळीत केला. आपण काय केलं हे त्याचं त्यालाही कळलं नाही. मग त्या मेणावरून त्याने ब्राँझची नक्कल ओतून घेतली आणि तिला माझ्यासारखा काळा रंग दिला.

नक्कल द्यायला गेला तेव्हा मला घरी ठेवायचा त्याला धीर होईना. म्हणून मी त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होतो. सगळं ऐकलं मी.

आईने नक्कल हातात घेतली. "हलकी लागतेय," म्हणाली. अंगठा कपाळावरून, गालावरून ओठांवर आला. नख खिंड शोधू लागलं. पुन्हा शोधलं. पुन्हा.

"हिला दात कधी आला?"

"काय, मावशी?" भाची म्हणाली.

"माझ्या खारूला हा दात नव्हता गं. दात यायच्या आधीच गेली ती." तिचा आवाज चढला. "डॉक्टर, कोणाची मुलगी आणलीत ही? माझी कुठे आहे?"

मी हातभर अंतरावर होतो, मित्रांनो. त्याच्या छातीचे ठोके माझ्या पाठीवर पडत होते. मला वाचा असती तर मी ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं. पण जन्मात पहिल्यांदा मला माझ्या मुकेपणाची चीड आली आणि तीही मुकीच राहिली.

"तीच आहे, आजी," डॉक्टर म्हणाला. "साफ केली ना, म्हणून वेगळी लागते." आणि भाचीकडे बघून त्याने बारीकशी मान हलवली. वय झालंय, अशा अर्थाची.

पुढे त्याने त्या घराकडे पाठ फिरवली. माझ्यासाठी त्याने नवंकोरं कपाट करून घेतलं. उंची लाकूड, मखमलीचे खण, दारं अशी घट्ट की मुंगी शिरणार नाही. हातमोजे घालून त्याने मला आत ठेवलं आणि कुलूप लावलं. अंधार तर होताच. त्यात त्या नव्या लाकडाचा आंबूस वास. तो वास शिशाला खातो, हे डॉक्टरला ठाऊक नव्हतं. तेलाचा हातही नाही, बाहेरचा वारा नाही. आधी माझ्या कडेला पांढरी बुरशी धरावी तसं काहीतरी आलं. मग गालावर. मग सगळीकडे. डॉक्टर मला फारसा बघतही नसे. मिळेपर्यंत झोप नव्हती त्याला, मिळाल्यावर घोरायला लागला.

एकदा कोणी पाहुणा पदकं बघायला आला, तेव्हा डॉक्टरने ऐटीत माझा खण ओढला. "ही धूळ कसली?" म्हणून त्याने जोरात फुंकर मारली. खारूचा चेहरा उडाला. खरंच उडाला, पांढऱ्या भुकटीसारखा. खाली उरला खडबडीत राखाडी तुकडा. ना गाल, ना ओठ, ना खिंड. डॉक्टरने घाईघाईने खण ढकलून बंद केला.

आता खारूचा चेहरा जगात एकाच ठिकाणी होता, त्या नकलेवर. दुसऱ्या दिवशी मला डबीत घालून, डबी खिशात टाकून, डॉक्टर भाचीच्या दारात हजर! आई तोवर गेली होती. त्याने ते पदक मागितलं, तशी भाचीने त्याला बसवलं आणि कपाटाच्या मागून नक्कल काढून दिली.

"न्या ना, डॉक्टर. आम्हाला बघवत नाही ती. मावशी शेवटपर्यंत हातात घेईना. ही माझी नाही, हिला दात आलाय, असंच म्हणायची. सांगा बरं, धातूला कधी दात येतो का?" ती हसायला गेली आणि तिचे डोळे भरून आले. "मी चिडायचे हो तिच्यावर. एकदा तर बोलून गेले, वेड लागलंय तुला. मग ती बोलायचीच बंद झाली. भिंतीकडे तोंड करून गेली."

डॉक्टरने नक्कल खिडकीशी नेली. खिशातून भिंग काढलं. मुलीच्या ओठांकडे तो बघतच राहिला. तिथे एक सुबक, सरळ, गुळगुळीत दात होता. स्वतःचं काम कोण ओळखत नाही?

एक वाक्य पुरलं असतं. ताई, मावशी खरं बोलत होती, बस्स. भाचीच्या उरावरचा धोंडा उतरला असता आणि आईवरचा वेडाचा शिक्का पुसला गेला असता. त्याने तोंड उघडलं. मी डबीत वाट बघत होतो.

"म्हातारपणी होतं असं," तो म्हणाला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका." आणि नक्कल माझ्याशेजारी खिशात टाकून चालायला लागला.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी 'आम्हाला जपा' असं सांगायचं असतं. मी ते सांगणार नाही. मला इतकं जपलं की मी संपलो. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस वस्तू हातात घेऊन म्हणालं, ही माझी नाही, तर एकमेकांकडे बघून हसू नका. ती वस्तू हातात घ्या, त्यांनी जिथे बोट ठेवलंय तिथेच तुमचंही बोट ठेवून बघा आणि विचारा, काय वेगळं लागतंय? खारूच्या आईला हे कोणी विचारलं नाही.