पीच प्यायलेली हंडी

मित्रांनो, माझे झाकण जरा बाजूला करा आणि वास घ्या. आधी आले येईल, मग दालचिनी. थोडे थांबलात तर त्यांच्यामागून एक गोड, मऊ वास येईल. तो पीचचा. त्या वासापायी एकदा मी घराबाहेर गेले होते, ती हकीकत आज सांगते.

जोंजू शहराच्या पूर्वेला डोंगरात जी गावे आहेत, तिथली मी काढ्याची मातीची हंडी. भाताच्या खाचरातली माती कुंभाराने पायाने तुडवली, मला घडवले आणि पाईनच्या जाळावर भाजले. आतून मात्र झिलई दिली नाही. काढ्याच्या हंडीला ती देत नाहीत. त्यामुळे माझ्यात जे शिजते ते थोडे मीही पिते, आणि एकदा प्यायलेले विसरत नाही.

ओकबुन नवी नवरी होती तेव्हा तिने मला बाजारातून कडेवर घेऊन आणले. भल्या पहाटे, कोणाशी एक शब्द बोलण्याआधी, ती विहिरीचे पहिले पाणी पांढऱ्या वाडग्यात भरून परसात ठेवी आणि तळहात एकमेकांवर चोळत उभी राही. काय मागे ते कधी ऐकू आले नाही. अंगात ताप असला तरी ते पाणी चुकले नाही. ते झाले की मग माझी चूल पेटे.

थंडीत माझ्यात मोजू नावाचे गरम पेय व्हायचे. तांदळाची दुधट दारू मंद आचेवर ठेवायची, तिची नशा वाफेबरोबर उडून जाईपर्यंत. मागे उरते ती ऊब. ती लेकरांनीही प्यावी. खरी कसोटी असे बरोबर काय घालायचे याची. ओकबुन आधी माणसाकडे बघे, मग डब्यांकडे. खोकला असेल तर आले ठेचून आणि ज्येष्ठमधाची काडी. पाय गार पडत असतील तर दालचिनीची साल. कोणी रुसलेले, खचलेले असेल तर वाळलेली लाल बोरे, बिया काढून, आणि सालीसकट नासपती.

"ओकबुन, या हंडीत जादू आहे गं!" शेजारणी म्हणायच्या.

तिचा नवरा दोक्सू चुलीशी बसलेला असायचा. "जादू कसली? धीर माझा बघा. कधीपासून नुसता वास घेतोय!"

पुढे गॅस आला, स्टीलची पातेली आली. मला फळीवर चढवले आणि माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवले. मी तक्रार करत नाही. पण चिमट्यांना वास नसतो, मित्रांनो.

मग मिरान सून होऊन आली. तिचे माहेर पीचच्या बागांचे. पहिल्याच उन्हाळ्यात तिने टोपलीभर पीच आणले आणि दोक्सू अंगणात उभ्या उभ्या खात सुटला. रस कोपरापर्यंत ओघळला.

"अहो, लहान पोरासारखं काय ते! सून बघतेय," ओकबुन म्हणाली.

"बघू दे. सूनबाई, तुझ्या माहेरच्या मातीला माझा नमस्कार कळव."

नव्या घरात त्या पोरीचे कोणी असे मोकळेपणाने कौतुक केले नव्हते. त्याच हिवाळ्यात तिने चिमटे काढून मला खाली घेतले. "मामंजींना आवडतं ते मोजू मला शिकवा," असे सासूला म्हणाली.

त्यानंतरच्या एका शरदात दोक्सू गेला.

आमच्याकडे नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी पितर घरी येतात. दार उघडे ठेवतात, पाट मांडतात, पेले भरतात. पेल्यात नितळ तांदळाची दारू असते. पण ओकबुन सुनेला म्हणाली, "ते नितळ पाणी त्यांना कधी गोड लागलं नाही. पहिल्यांदाच पितर होऊन येतायत. त्यांच्या पेल्यात मोजू ओतू. तूच कर. माझं चित्त थाऱ्यावर नाही."

मिरानने प्रत्येक डबा उघडून वास घेतला. आले निवडले, कमी केले. दालचिनी घातली. बोरे मूठभर. तरी तिचे समाधान होईना. मग तिने कपाटातून पीचच्या पाकाची बरणी काढली आणि हात थबकला.

पीचच्या फांदीने आमच्याकडे भूतबाधा झाडतात, म्हणून ते फळ पितरांपुढे ठेवत नाहीत. पितर दारातूनच परत फिरतात. हे मिरानलाही ठाऊक होते.

"पण हे फळ कुठे आहे?" ती माझ्यावर वाकून पुटपुटली. "पाकच तर आहे. आणि ताटात थोडाच ठेवतेय? मामंजींना किती आवडायचं..."

पाकाची पळी माझ्यात रिकामी झाली. मी तो पाक प्यायले.

सकाळी पाट मांडले गेले. ओतण्यासाठी दोक्सूचा धाकटा भाऊ मानसू याने झाकण उचलले, आणि पीचचा वास त्याच्या नाकात गेला.

"वहिनी, दादाला आत बोलावताय की हाकलताय?"

मिरानचा चेहरा पांढराफटक पडला. "मी घातलं, काका. मला वाटलं, पाक चालेल."

"वाटलं! माहेरच्या बागेत चालत असेल. फेका ती हंडी ओढ्यात. तिला आता हा वास जन्मभर यायचा."

मिरान जमिनीवर कपाळ टेकून रडू लागली. "मामंजी आता दारातून परत जातील. माझ्यामुळे."

ओकबुनने फडक्याने माझे कान धरले आणि स्वतः मला उचलून, अंगण ओलांडून, गल्लीच्या टोकाला ओढ्याकाठी बर्फात नेऊन ठेवले. मला वाटले, आता ढकलेल. पण तिने झाकण नीट बसवले, वर आपली शाल गुंडाळली आणि ती परत गेली.

विधी मी पाहिला नाही. लांबून मानसूचा आवाज येत होता, वाकताना कपड्यांची सळसळ येत होती. पेल्यात नेहमीची नितळ दारूच ओतली असणार.

बऱ्याच वेळाने बर्फात पावले वाजली. ओकबुन आली होती, हातात दोक्सूचा पेला. मागे मिरान, डोळे सुजलेले.

"आई, मामंजी आले का हो आत?"

"मला कसं कळणार? पण आत आले नसले, तर कुठे उभे असतील ते कळतं."

ओकबुन बर्फात गुडघे टेकून बसली. शाल सोडली, पेला भरला. वाफ तिच्या चेहऱ्यावर गेली.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "घरात थोरामोठ्यांचा नियम आहे. तो मी मोडला नाही, मोडणारही नाही. पण इथे तुम्ही आणि आम्ही दोघीच. पीचला म्हणे भुतं भितात. तुम्ही काय भूत आहात? माझे यजमान आहात. तुमच्या सुनेनं केलंय. घ्या."

तिने पेला बर्फावर ओतला. तिथे एक लहानसे भोक पडले आणि त्यातून थोडा वेळ वाफ येत राहिली. दोघीही ती थांबेपर्यंत हलल्या नाहीत. मग ओकबुनने पेला पुन्हा भरून मिरानच्या हातात दिला.

"पी. रडून घसा बसलाय तुझा."

मित्रांनो, पितरांसाठी आता घरात नवी हंडी आहे. विधीच्या दिवशी मला शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवतात. ते बरोबरच आहे, मला त्याचे वाईट वाटत नाही. बाकीचा सारा हिवाळा मी चुलीवर असते. आले किती, बोरे किती यावर सासूसुनेचे एकमत होत नाही. पीचचा पाक मात्र ओकबुन स्वतःच्या हाताने घालते.

तुमच्या घरी माझ्यासारखे मातीचे भांडे असेल, तर त्याला साबण लावू नका. ते साबणही पिते. तांदळाच्या धुवणाने धुवा आणि उन्हात पालथे घाला. आणि घरातल्या कोणाच्या हातून मायेपोटी चूक झाली, तर ती लगेच घासून काढायला धावू नका. नियम पाळा, पण त्या माणसाजवळ थोडा वेळ बसा.